चावी माझ्याकडे आहे

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. मी झोपेत काय बडबडतो, कुठल्या मित्राचा फोन उचलत नाही, दाढ दुखत असली तरी डॉक्टरकडे जायचं कसं टाळतो — सगळं. ही एक गोष्ट सोडून. ही तिला सांगितलेली नाही, आईला नाही, आणि ज्या दोघांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. किंवा आता पोटात राहत नाही म्हणून. काही असो, जरा बसा. मी लगेच मुद्द्यावर येणार नाही. तेवढी हिंमत असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

आधी मावशीबद्दल सांगतो, तिच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

माझी मावशी मुलुंडला राहते. आम्ही बोरिवलीचे. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली रे लागली की माझी पिशवी भरून मुलुंडला रवानगी व्हायची. मावशीचा मुलगा नितीन माझ्यापेक्षा थोडा मोठा. आम्ही एका ताटात जेवायचो, एकाच चादरीवरून भांडायचो, आणि मावशीने मार देताना सख्खा-मावस असा भेद कधी केला नाही. तिचा हात जड होता, पण त्याच हाताने ती तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं करायची, आणि ते खाताना मार कसला, मारण्याचं कारणसुद्धा विसरायला व्हायचं. मला ती बाबू म्हणते. अजूनही म्हणते. माझे केस पांढरे झालेत, कंपनीत पोरं मला सर म्हणतात, आणि मुलुंडच्या त्या दारात पाऊल टाकलं की मी बाबू होतो.

काका म्हणजे तिचे यजमान. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी नाना उद्योग केले, आणि नितीन कमावता झाल्यावर सगळे उद्योग सोडून वर्षातला निम्मा काळ गावी, मालवणकडच्या घरात राहायला लागले. मावशीला गुडघ्यांमुळे तो प्रवास जमेना. त्यात इथे नितीनची मुलगी लहान. म्हणजे आयुष्यभर एकमेकांवर खेकसत एका खोलीत राहिलेली ही दोन माणसं उतारवयात पहिल्यांदा लांब गेली. आणि मग काकांना व्हॉइस नोटचा शोध लागला.

काय सांगू तुम्हाला, त्या माणसाने मावशीचा फोन वाजवून वाजवून झिजवला. "फणस पिकलो गो. पण तुझ्या आधी माकडांनी खाल्ल्यानी." "शेजाऱ्याची म्हस आपल्या परड्यात शिरली, आता तिका बाहेर काढू की ह्यांच्याशी भांडू?" मध्येच दशावतारातलं एखादं पद, पार बेसूर. पुढे त्यांचा स्वतःचा फोन विहिरीत पडला, तर पडल्याची साग्रसंगीत हकिकत त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून व्हॉइस नोट करूनच पाठवली. मावशी दुपारी सगळं आवरून खिडकीशी बसायची आणि फोन कानाला लावून ऐकायची. ऐकताना शिव्या घालायची. पण चेहरा — तो तुम्ही बघायला हवा होता.

एकदा नितीनच्या मुलीच्या वाढदिवसाला घर भरलेलं होतं. नितीन म्हणजे उत्साहाचा डोंगर. त्याने गंमत म्हणून आईचा फोन उचलला, "बाबांचं नवीन ऐका रे" म्हणत एक व्हॉइस नोट मोठ्याने लावली. त्याला काय ठाऊक आत काय आहे! काका म्हणत होते, "तुझ्याशिवाय ह्या घर खाऊक उठता गो." सगळे हसले. वाईट नव्हे, कौतुकानेच हसले. मीही हसलो. मावशी मात्र पदर तोंडाला लावून आत गेली ती केक कापेपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर काही महिन्यांत काका गेले. गावीच, अंगणात, अचानक.

आता थोडं माझ्या कामाबद्दल ऐकावं लागेल. कंटाळू नका, सगळं त्यावरच अडलंय.

मी अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. लोकांची माहिती सांभाळणं हे आमचं काम. नवीन पोरं कामाला आली की त्यांना मी एक गोष्ट हमखास समजावतो, अगदी चवीने. एन्क्रिप्ट करणं आणि स्क्रॅम्बल करणं यातला फरक. एन्क्रिप्ट म्हणजे, मी म्हणतो, वस्तू लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावणं. चावी असेल त्याला वस्तू जशीच्या तशी परत मिळते. आणि स्क्रॅम्बल म्हणजे भेळ. कुरमुरे, शेव, कांदा, चटणी, सगळं आहे, काहीही फेकलेलं नाही — पण आता भेळवाल्याला सांगून बघा, बाबा रे, माझे कुरमुरे तेवढे कोरडे करून परत दे! पोरं हसतात. मग मी बोट वर करून पुढचं सांगतो. स्क्रॅम्बल केलेलंही परत जुळवता येतं, पण एकाच अटीवर: कुठला तुकडा कुठून कुठे हलवला तो क्रम जपून ठेवला असेल तर. तो क्रम हीच मग चावी. आणि आपण इथे तो क्रम मुद्दाम फेकून देतो.

का फेकतो? कारण आमच्याकडे नवीन प्रोग्रॅम तपासायला खऱ्यासारखी दिसणारी माहिती लागते, पण ती कुणा खऱ्या माणसाची असून चालत नाही. म्हणून याचं नाव त्याला, त्याचा पत्ता तिसऱ्याला, असं सगळं कालवायचं. क्रम शिल्लक राहिला तर कुणीतरी उलट चालत मूळ माणसापर्यंत पोचेल. परत न येणं हाच तिथे गुण. हे कालवणारं हत्यार मी स्वतः लिहिलंय. क्रम कुठेही साठवायचा नाही ही ओळही माझीच. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

कळतंय ना, गाडी कुठे चाललीय? मलाही कळतंय. तरी हात रेंगाळतोय.

काकांचं तेरावं झालं आणि मावशीने मला आत बोलावलं. तिचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, आत्ता ऐकवत नाही, आणि पुसवतही नाही. पण घरात सगळ्यांचे हात फोनला लागतात, परत कुणी लावलं तर मी मरेन लाजेने. तू हे सगळं फोनातून काढून कुठेतरी कुलपात ठेव. वर्षश्राद्ध झालं की मी एकटी बसून ऐकेन.

मी म्हटलं, ठेवतो. तिने एकच प्रश्न विचारला.

"चावी खंय रवतली?"

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. अजून कुलूपही लावलं नव्हतं, आणि म्हणालो.

साधं कुलूप लावायला मला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. एन्क्रिप्ट करायचं, चावी जपायची, संपलं. रोजचं काम. पण मला — कसं सांगू — मला मिरवायचं होतं. कुलूप लावलेली फाइल उघडतच नाही, नुसती गप्प बसते. त्यात बघण्यासारखं काय? त्यापेक्षा आवाजाचे चिमटी-चिमटीएवढे तुकडे करून कालवले तर फाइल वाजते, आवाज काकांचाच येतो, पण एक अक्षर कळत नाही. घरात कुणी चुकून लावलीच तरी नुसती बडबड! मला ते फार भारी वाटलं. मी माझं ते ऑफिसातलं हत्यार जरा वाकवलं, आवाजावर चालेलसं केलं, सगळ्या व्हॉइस नोट एकामागोमाग जोडून त्यातून काढल्या आणि मावशीला थोडं ऐकवलं. ती दचकली, मग तिला हसू फुटलं.

"ह्या काय ता? भूत बोलता काय?" मग शेजारच्या काकूंना ऐकू जाईल इतक्या अभिमानाने म्हणाली, "आमच्या बाबूक सगळा येता."

आणि मग तिने सांगितल्याप्रमाणे मी मूळच्या व्हॉइस नोट पुसल्या. फोनातून पुसल्या, त्या जिथे-जिथे आपोआप साठतात तिथून पुसल्या. काकांचा फोन तर आधीच विहिरीत गेलेला. नीट पुसल्या, कारण पुसायचं कसं हेही मला येतं.

ती एक ओळ बदलायची राहिली होती.

हेच ते. क्रम साठवायचा नाही ही ओळ. इथे तो साठवायला हवा होता, आणि मी हे जाणून होतो, करू म्हणून ठेवलं होतं, आणि कौतुकाच्या भरात विसरलो. साध्या दाराला नवं कुलूप लावलं तरी आपण एकदा चावी फिरवून बघतो की नाही? मी बघितली नाही. मी, जो पोरांना बोट वर करून फरक शिकवतो, त्याने मावशीच्या नवऱ्याच्या आवाजाची भेळ केली आणि तिला सांगितलं कपाटात आहे.

पण थांबा. तुम्हाला वाटेल, झाली बिचाऱ्याची चूक. चूक झाली, हो. चुकीसाठी मी हे लिहीत नाहीये. चूक मी तिला सांगितली असती तर तिने आधी मला एक धपाटा घातला असता, मग रडली असती, मग जेवायला वाढलं असतं. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. ते ठाऊक असून मी जे केलं ते सांगायचंय.

वर्षश्राद्धाच्या थोडं आधी मी फाइल उघडायला घेतली, तेव्हा मला कळलं. क्रम कुठेच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून कानाला हेडफोन लावून तुकडे जुळवायचा प्रयत्न केला. अफाट तुकडे. कुठल्या श्वासाला कुठला श्वास जोडायचा? एक अख्खं वाक्य हाती लागलं नाही. वर्षश्राद्ध झालं, आणि मग ती रविवारची दुपार आली. मावशी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून खिडकीशी तयार बसली होती. एखादी मुलगी बघायला येणाऱ्यांची वाट बघत बसते ना, तशी. नितीन स्टुलावर उभा राहून पडद्याची दांडी ठोकत होता.

नितीनबद्दल सांगायचं राहिलंच. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. त्याच्या हाताला यश आहे असं मावशी म्हणायची. मिक्सर, इस्त्री, गणपतीच्या मखराचे दिवे, काहीही बिघडलं की ती म्हणायची, नितीनाक दाखव. त्याने नुसता हात लावला तरी वस्तू चालू होते अशी तिची श्रद्धा. आणि त्याच नितीनने, काका गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, आईचा जुना फोन रीसेट करून बदल्यात दिला आणि तिला नवा आणला होता. तिच्या परवानगीने. देण्याआधी मला फोन करून विचारलंही होतं, बाबू, यात आता काही नाही ना? आणि मी म्हणालो होतो, काही नाही, दे बिनधास्त. ते खरंच होतं. त्यात काही नव्हतंच.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, ती चावी जुन्या फोनात राहिली होती गं."

मी नितीनचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. हातोडी थांबली. तो हळूहळू स्टुलावरून खाली उतरला. "तो फोन तर मी... " एवढं म्हणून थांबला. मावशीने त्याच्या हातांकडे बघितलं.

तो मला म्हणू शकला असता ना, की अरे, मी तुला विचारलं होतं? मी त्याचीच वाट बघत होतो. तो म्हणाला असता तर मी कबूल केलं असतं — की आणखी एक खोटं बोललो असतो? नाही सांगता येत. पण त्याने विचारलंच नाही. संध्याकाळी मला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मी विचारलं होतं वाटतं तुला... पण नीट नसेल विचारलं यार. वाट लावली मी." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बघा, काय माणूस आहे मी. समजूत घातली त्याची! म्हणालो, जाऊ दे रे, मुद्दाम थोडंच केलंस.

याला आता काही वर्षं झाली.

मावशी त्याला कधी एक शब्द बोलली नाही. पण मिक्सर बिघडला तर आता स्टेशनजवळच्या दुकानात जातो. मखराचे दिवे शेजारचा मुलगा लावतो. मावशी रागावलेली नाही हो, तिच्या मनातसुद्धा नसेल. नुसती सवय मोडली. आणि नितीननेच ती मोडू दिली. तो घरातल्या वस्तूंना हात लावायचा बंद झालाय. बाहेर लोकांच्या खिडक्या बसवतो आणि घरात बल्ब बदलायचा तरी बायकोला सांगतो. मधे कित्येक रविवार तो त्या जुन्या फोनच्या मागावर होता. ज्या दुकानात दिला तिथून पुढच्या दुकानात, तिथून आणखी कुणाकडे. चेंबूरपर्यंत जाऊन आला. परत आला की मला फोन करायचा, नाही मिळाला रे. आणि मी म्हणायचो, बघू, पुढे-मागे काहीतरी होईल. जो फोन मिळून काडीचा उपयोग नव्हता, त्याच्यासाठी मी माझ्या भावाला उन्हातान्हात फिरू दिलं.

मावशीने ती कालवलेली फाइल माझ्याकडून मागून घेतली. आता ती दुपारी खिडकीशी बसून तीच ऐकते. मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. मग एकदा मी शेजारी बसलो. काकांचा आवाज, तुकडे तुकडे, उलटेसुलटे, अर्थ नाही. आणि मधेच एक अख्खा शब्द. "गो." तो शब्दच इतका छोटा, की एखाद-दुसरा चिमटीत मावून शाबूत राहिलाय. बडबड, बडबड, आणि मग — गो. तो आला की मावशी म्हणते, "ओ." आणि पुढच्याची वाट बघते. मी विचारलं, मावशी, काही कळतं का गं? तर म्हणाली, "माका कळता. तुमका कळूचा नाय." आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली, गुडघे धरत.

मी तो चहा प्यायलो. सोबत तिने केलेले खडखडे लाडू पण खाल्ले.

गेल्या रविवारी जेवायला तिथेच होतो. मावशी आता फारशी उठत नाही, म्हणून तिनेही व्हॉइस नोट पाठवायला सुरुवात केलीय. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत! नितीनला कामावर असतानाही पाठवते. मासे कुठले आण, जेवलास काय, छत्री विसरलास मेल्या. अगदी काकांसारखं. नितीनने मला जिन्यात गाठलं आणि खिशातून फोन काढला. म्हणाला, आईच्या सगळ्या जमवल्यात, एकही पुसलेली नाही. पण माझ्याकडे नको. तू घेऊन जा, नीट कुलपात ठेव.

"चावी पण तूच ठेव बाबू," तो म्हणाला. "माझ्या हाताला यश नाही, माहितीय ना तुला."

फोन त्याने दोन्ही हातांनी धरला होता. नखात अॅल्युमिनियमचा भुगा, अंगठ्यावर जुनी जखम. तेच हात. त्यांनी काही हरवलेलं नाही. चावी त्या फोनात नव्हती, माझ्याकडेही नव्हती, ती कधी झालीच नाही. हे एवढं एक वाक्य मला तिथे जिन्यात बोलायचं होतं. वरून मावशीची हाक ऐकू येत होती, बाबू, डबो विसरलंस.

मी हात पुढे केला आणि म्हणालो, "दे."